रेनबो ट्राउट वीस किलोचा होतो तो कसा

रेनबो ट्राउटचा खवला तांदळाच्या कणीपेक्षा फारसा मोठा नसतो. तो पाण्याने पुसून काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. मधोमध एक ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती एकाबाहेर एक अशी बारीक वर्तुळं. मासा भराभर वाढत असताना ही वर्तुळं लांब-लांब पडतात, थंडीत वाढ मंदावली की दाटीने बसतात. असा दाट पट्टा म्हणजे एक हिवाळा. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे हे पट्टे मोजले की माशाचं वय कळतं. मासा फार म्हातारा असेल तर खवल्याची कड झिजलेली असते, मग कानातला चुन्याचा बारीक खडा कापून बघावा लागतो.

सरोवरात वाढलेल्या एखाद्या प्रचंड ट्राउटचा खवला असा बघितला तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं बहुतेकदा अगदी साधी दिसतात. चारचौघांसारखा मासा, चारचौघांसारखी वाढ. आणि मग एका हिवाळ्यानंतर वर्तुळांमधलं अंतर एकदम वाढतं. पुढचं वर्ष आणखी रुंद, त्याच्या पुढचंही. त्या वर्षी असं काय घडलं, हा या लेखाचा प्रश्न आहे. कारण मोठा ट्राउट पकडला की बोलणं होतं ते पकडणाऱ्याच्या नशिबाचं आणि आमिषाचं. तो मासा तिथे तयार कसा झाला हे मात्र फार कमी जण विचारतात, आणि मला तर खरी गोष्ट तीच वाटते.

या माशाचं मूळ घर म्हणजे प्रशांत महासागराला मिळणाऱ्या थंड नद्या आणि त्यांच्या काठची सरोवरं: अलास्कापासून मेक्सिकोच्या उत्तरेपर्यंत, आणि पलीकडे रशियातलं कामचाट्का. शास्त्रीय नाव ऑंकोरिंकस मायकिस. यातलं ‘मायकिस’ हे कामचाट्कातल्या स्थानिक नावावरून आलं, १७९२ साली. गंमत अशी की या एकाच जातीचे मासे दोन प्रकारची आयुष्यं जगतात. काही जन्मभर गोड्या पाण्यात राहतात. काही लहानपणीच नदीतून समुद्रात उतरतात, तिथे दोन-तीन वर्षं खाऊन पिऊन धष्टपुष्ट होतात आणि अंडी घालायला परत येतात. या समुद्रावरून येणाऱ्यांना स्टीलहेड म्हणतात. समुद्रात खाणं अमाप, त्यामुळे ते मोठे होतात यात नवल नाही. नवल आहे ते सरोवराचं. जिथे समुद्राची वाटच नाही, अशा ठिकाणचा मासा समुद्रातल्या भावंडापेक्षा मोठा झाला तर त्या सरोवरात काहीतरी खास असलं पाहिजे.

तसं ते झालंही आहे. रेनबो ट्राउटचा जागतिक विक्रम १९७० साली अलास्कात पकडलेल्या, समुद्रावरून आलेल्या माशाच्या नावावर होता: १९.१ किलो. तो सदतीस वर्षं टिकला. २००७ मध्ये तो मोडला, आणि २००९ मध्ये पुन्हा, तेव्हा २१.७७ किलोच्या माशाने. हे दोन्ही मासे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या डीफेनबेकर सरोवरातले, समुद्रापासून शेकडो कोस आत. पकडणारे दोघे कॉनराड आडनावाचे जुळे भाऊ. त्या माशांची कथा पुढे येईल, कारण ती जरा वेगळी आहे.

आधी वजनाचं गणित. बहुतेक सरोवरांत रेनबो ट्राउट एक-दोन किलोच्या आतच असतो. चार-पाच किलोचा मिळाला तर लोक वर्षानुवर्षं सांगत राहतात. मासा लांबीला दुप्पट झाला तर वजन दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं, कारण तो लांबीबरोबर उंचीला आणि जाडीलाही वाढतो. म्हणून नुसती लांबी ऐकून फसायला होतं. टेप घेऊन माशाची लांबी मोजा, मग पाठीवरच्या पराच्या पुढे, जिथे तो सर्वांत जाड आहे तिथे घेर मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, आणि आलेल्या आकड्याला २९,००० ने भागा. किलोमध्ये अंदाजे वजन मिळतं. ८० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर घेराचा मासा जवळपास सात किलोचा निघतो. तेवढ्याच लांबीचा, पण ४० सेंटिमीटर घेराचा मासा साडेचार किलोसुद्धा भरत नाही. डोकं तेवढंच, शेपूट तेवढीच, फरक सगळा पोटापाठीत. हा दुसरा मासा उपाशी आहे. एकेकाळी त्याला पोटभर मिळत होतं म्हणून तो एवढा लांब झाला, आता मिळत नाही. मोठ्या डोक्याचा आणि बारीक अंगाचा ट्राउट गळाला लागला तर समजावं की सरोवरात काहीतरी बिनसलंय.

ट्राउटला मोठं व्हायचं तर सगळ्यांत आधी पाणी सोसलं पाहिजे. हा थंड पाण्याचा मासा. १२ ते १८ अंश सेल्सियसच्या दरम्यान त्याची भूक आणि वाढ चांगली असते. विसाच्या वर तो कासावीस व्हायला लागतो, पंचविसाच्या आसपास जीव धोक्यात. पाणी तापलं की दोन्हीकडून कोंडी होते: माशाच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी उरतो. १० अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २५ अंशाला आठच्या थोडा वर.

म्हणजे उन्हाळ्यात खोल जावं, एवढंच ना? खोल सरोवरात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं कोमट आणि हलकं, खालचं गार आणि जड, दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या गार पाण्यापर्यंत वारा पोचत नाही, म्हणून नवा प्राणवायूही पोचत नाही. सरोवर शेवाळ-वनस्पतींनी भरलेलं असेल तर वरून मरून पडणारा सगळा कचरा तळाशी कुजतो आणि कुजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकतो. मग वर फार गरम, खाली श्वास घ्यायची सोय नाही, आणि मध्ये उरलेल्या पातळ पट्टीत सगळे ट्राउट दाटीवाटीने उभे. अशा सरोवरात ट्राउट जगतो, पण त्याचा उन्हाळा फुकट जातो. खूप खोल, स्वच्छ, थंड सरोवरात ही अडचण येत नाही, तळापर्यंत प्राणवायू टिकतो. पण अशा नितळ पाण्यात खाणं कमी असतं. स्वच्छता आणि सुबत्ता एकत्र नांदणारी सरोवरं जगात थोडी आहेत, आणि विक्रमी ट्राउटची नावं घेतली की तीच पुन्हा पुन्हा येतात.

आता त्या खवल्यावरच्या रुंद वर्तुळांकडे येऊ. लहानपणी ट्राउट काय खातो? पाण्यात तरंगणारे, मोहरीएवढे पाणपिसवांसारखे जीव, डासांसारख्या माश्यांच्या अळ्या, पृष्ठभागावर पडलेले किडे. पावशेर वजनाच्या माशाला हे पुरतं. पण मासा दोन किलोचा झाला की हिशेब बदलतो. एवढं मोठं अंग हलवून एकेक कण टिपायचा म्हणजे चिमणीच्या चाऱ्यावर बैल पोसण्यासारखं. जेवढं मिळतं तेवढं ते मिळवण्यातच खर्च होतं. तिथे त्याची वाढ थांबते, आणि बहुतेक सरोवरांतले बहुतेक ट्राउट आयुष्यभर तिथेच थांबलेले असतात.

पुढे जायचा रस्ता एकच: घास मोठा करायचा. म्हणजे मासे खायचे. ज्या वर्षी ट्राउट मासे खायला लागतो, त्या वर्षीपासून खवल्यावरची वर्तुळं रुंद होतात.

याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधलं कूटेने सरोवर. तिथे गेरार्ड नावाच्या ठिकाणी, लार्डो नदीच्या अगदी उगमाशी, काहीशे मीटर लांबीच्या पट्ट्यात वसंत ऋतूत महाकाय रेनबो ट्राउट अंडी घालायला जमतात. त्या जागेवरून त्यांना गेरार्ड ट्राउट म्हणतात. उथळ, वाहत्या, खडी पसरलेल्या पाण्यात माद्या शेपटीने खळगे खणतात आणि त्यांच्या पाठी पाण्याबाहेर दिसतात. हे मासे सरोवरात कोकनी खातात. कोकनी म्हणजे समुद्र विसरून कायमचा गोड्या पाण्यात राहिलेला सॉकाय सामन मासा. तो तरंगते सूक्ष्म जीव खातो, रुपेरी थवे करून मोकळ्या पाण्यात फिरतो आणि चरबीने भरलेला असतो. गेरार्ड ट्राउटचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ते उशिरा वयात येतात, पाच-सहा वर्षांचे झाल्यावर. सामान्य रेनबो दोन-तीन वर्षांतच अंडी-पिल्लांच्या मागे लागतो. गेरार्ड ट्राउट तोवर फक्त वाढत राहतो.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला या गेरार्ड ट्राउटचं बीज अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या पेंड ओरेल सरोवरात सोडलं. तिथे कोकनी आधीच होते, ते काही वर्षांपूर्वी वरच्या फ्लॅटहेड सरोवरातून नदीवाटे खाली आलेले आणि भरमसाट वाढलेले. नव्या माशांना भरल्या ताटावर बसवल्यासारखं झालं. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे १६.८ किलोचा रेनबो ट्राउट पकडला गेला. बीज सोडल्यापासून जेमतेम पाच-सहा वर्षांत.

पण हे ताट रिकामंही होतं, आणि ते कधीकधी आपल्याच हातून. कूटेनेमध्ये १९४९ साली मायसिस नावाची इवलीशी कोळंबी सोडली. विचार चांगला होता: ट्राउटला आणखी एक खाऊ. पेंड ओरेलमध्येही १९६० च्या दशकात तीच सोडली. पण मायसिस दिवसा तळाच्या अंधारात बसते आणि रात्री वर येऊन तेच पाणपिसू खाते जे कोकनीचं अन्न आहे. कोकनी दिवसा, डोळ्यांनी बघून खातो. दोघांची गाठच पडत नाही. ज्याला खाऊ म्हणून आणलं तो पंगतीतला वाटेकरी झाला. शिवाय कूटेनेच्या वरच्या अंगाला १९६७ नंतर धरणं झाली आणि नदीबरोबर येणारा पोषक गाळ त्यांच्यामागे अडकू लागला. म्हणून १९९२ पासून सरोवराच्या उत्तरेकडच्या भागात मोजून-मापून खत टाकलं जातं, शेतात टाकावं तसंच, फॉस्फरस आणि नायट्रोजन. त्याने शेवाळ वाढतं, त्यावर पाणपिसू, त्यावर कोकनी, त्यावर ट्राउट. एवढं करूनही २०१० च्या दशकात कोकनी कोसळले. ट्राउट पुष्कळ होते, पण खायला काही नाही, आणि मोठ्या ट्राउटसाठी जगभर नाव असलेल्या त्या सरोवरात मासे बारीक आणि लहान निघू लागले. शेवटी व्यवस्थापकांनाच सांगावं लागलं की ट्राउट जास्त पकडा, घरी न्या, म्हणजे उरलेल्या कोकनीला श्वास घेता येईल.

न्यूझीलंडच्या ताउपो सरोवराने हेच आधी भोगलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रेनबो ट्राउट सोडले. तिथले मूळचे छोटे कोआरो मासे खाऊन ते थोड्याच वर्षांत प्रचंड झाले. मग कोआरो संपत आले आणि ट्राउटच्या बरगड्या दिसायला लागल्या. जाळी लावून ट्राउटची संख्या कमी करावी लागली, आणि १९३० च्या दशकात त्यांच्यासाठी स्मेल्ट नावाचे लहान मासे मुद्दाम आणून सोडावे लागले. आपल्याकडे शेतकरी रोपांची विरळणी करतो ना, त्यातलाच हा प्रकार. एका सरोवरात एका वर्षात ठरावीक किलोच ट्राउट पोसला जातो. ते किलो हजार माशांत वाटायचे की शंभरांत, एवढंच आपल्या हातात असतं. भरपूर बोटुकली सोडून भरपूर मोठे मासे मागणं म्हणजे न जमणारी मागणी.

मासे न खाताही ट्राउट मोठा झाल्याचं एक ठळक उदाहरण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. अर्जेंटिनाच्या पाटागोनियात, सांताक्रूझ प्रांतातल्या वाऱ्याने झोडपलेल्या पठारावर स्ट्रोबेल नावाचं सरोवर आहे. तिथे आधी मासाच नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरीस रेनबो ट्राउट सोडले गेले. त्या सरोवरात नखाएवढे, कोळंबीच्या कुळातले वाकडे जीव दगडादगडाखाली खच्चून भरलेले होते, कारण त्यांना खाणारं कुणी नव्हतंच. घास लहान, पण इतके दाट की मागे धावावं लागत नाही. त्याच्यावर तिथले ट्राउट आठ-दहा किलोपर्यंत गेले. अंडी घालण्यासारखी वाहती नदी तिथे जवळजवळ एकच, त्यामुळे गर्दीवर आपोआप लगाम.

मात्र स्ट्रोबेलचं कौतुक करताना मला एका पक्ष्याची आठवण ठेवावीशी वाटते. डोक्यावर तांबूस तुरा असलेली, १९७४ मध्ये प्रथम ओळख पटलेली तिथली पाणडुबी याच पठारावरच्या तळ्यांत घरटं करते आणि आज नामशेष व्हायच्या कडेवर आहे. तिच्यावरच्या संकटांत बाहेरून आणलेला ट्राउटही एक मानला जातो. टिटिकाका सरोवरात १९४० च्या दशकात ट्राउट आले, आणि तिथला ओरेस्टिआस कुवेरी हा स्थानिक मासा आज जगात उरलेला नाही. जिथे रेनबो ट्राउट मूळचा नाही, तिथे त्याचा प्रत्येक किलो कुणाच्या तरी वाट्यातून आलेला असतो. नव्या सरोवरात तो सोडण्याआधी हे मोजायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

आता डीफेनबेकरचे मासे. हे सरोवर म्हणजे खरं तर दक्षिण सस्कॅचेवान नदीवर १९६७ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाचा लांबलचक जलाशय. तिथे जाळीच्या पिंजऱ्यांत ट्राउट वाढवण्याचा व्यवसाय होता आणि २००० साली पिंजऱ्यांतून सुमारे पाच लाख मासे निसटल्याचं सांगितलं जातं. ते मासे ट्रिप्लॉइड होते.

शब्द अवघड, गोष्ट सोपी. आपल्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माशांतही तसंच. पण माशाच्या अंड्यात, फलन होईपर्यंत, आईकडचा एक जादा संच असतो. फलनानंतर थोड्याच वेळात अंडं तो बाहेर टाकतं. नेमक्या त्या काही मिनिटांत अंड्यांना २६ ते २८ अंशाच्या गरम पाण्याचा किंवा प्रचंड दाबाचा धक्का दिला, तर तो संच आतच राहतो. पिल्लू तीन संचांचं होतं. त्याचे जनुक कुणी बदललेले नसतात, बाहेर जाणारी वस्तू आत राहिली एवढंच. तीन संच दोघांत सारखे वाटता येत नाहीत, त्यामुळे हा मासा वांझ राहतो.

वांझपणाचा आणि वजनाचा संबंध काय? साध्या मादीच्या पोटात अंडी धरली की खाल्लेल्या अन्नाचा मोठा हिस्सा तिकडे जातो. एका किलोच्या मादीत हजार-दोन हजार अंडी असतात. मग प्रवाहाविरुद्ध पोहणं, खळगे खणणं, नरांच्या मारामाऱ्या. हंगामानंतरचा ट्राउट हडकलेला असतो आणि पुढचे काही महिने झालेली झीज भरून काढण्यात जातात. तीन संचांच्या मादीला यातलं काहीच करावं लागत नाही. तिची चरबी तिच्याच अंगावर राहते. नराचं मात्र तितकं साधत नाही, तो वांझ असूनही वयात येतो, रंग बदलतो आणि झिजतो, म्हणून मत्स्यपालक शक्यतो सगळ्या माद्याच तयार करतात.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. ट्रिप्लॉइड मासा लहानपणापासून राक्षसासारखा वाढत नाही. पहिली एक-दोन वर्षं तो इतरांच्या बरोबरीने, कधी थोडा मागेच असतो. कोमट आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात तो साध्या माशापेक्षा लवकर थकतो. त्याची सरशी होते ती इतर जण वयात आल्यावर, आणि तीसुद्धा पाणी थंड असेल, खाणं भरपूर असेल आणि वर्षं मिळाली तरच. पिंजऱ्यांच्या जाळीतून सांडणारं दाणेदार खाद्य बाहेर फिरणाऱ्या माशांनाही मिळतं, हेही विसरून चालणार नाही.

असा मासा विक्रमात धरावा का, यावर बरंच भांडण झालं. काहींच्या मते तो कारखान्यातला माल आहे. विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तसा भेद केला नाही. मला दोन्ही बाजू समजतात, पण मनाने मी गेरार्डच्या माशाकडे आहे. त्याचा उशीर त्याच्या रक्तातला आहे, पिढ्यान्‌पिढ्या कोकनी खाऊन कमावलेला.

असा मोठा मासा गळाला लागतो तो बहुधा बर्फ वितळल्यानंतरच्या आठवड्यांत किंवा शरद ऋतूत, जेव्हा वरचं पाणी त्याला हवं तितकं गार असतं आणि तो किनाऱ्याजवळ, वरच्या थरात खाद्यामागे फिरतो. भर उन्हाळ्यात त्याच्यासाठी वजन बांधून आमिष खोल न्यावं लागतं. आणि लागल्यावर तो सोडायचा असेल तर घाई हवी. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना दमेपर्यंत पोहायला लावलं. जे पाण्यातच राहिले त्यांतले ८८ टक्के वाचले. दमल्यानंतर ३० सेकंद हवेत धरलेल्यांतले ६२ टक्के. पूर्ण एक मिनिट हवेत धरलेल्यांतले फक्त २८ टक्के. हे प्रयोगशाळेतले, नळ्या जोडलेले मासे होते, सरोवरात आकडे इतके वाईट येतीलच असं नाही. पण धावून धावून छाती फुटायच्या वेळी कुणी आपलं नाक दाबलं तर काय होईल, हे कळायला आकडे लागत नाहीत. फोटोसाठी उचलून धरलेलं ते एक मिनिट माशाला फार महाग पडतं. हात ओले करावेत, म्हणजे अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघत नाही. टेप पाण्यातच लावावी. लांबी, घेर, आणि मग तो २९,००० चा भागाकार घरी बसून करावा.

अभ्यासक असा मासा सोडण्याआधी पाठीवरच्या पराच्या मागून, अंगावरच्या आडव्या रेषेच्या जरा वरून, चिमट्याने दोन-चार खवले काढून घेतात. माशाला त्याचा फारसा त्रास होत नाही आणि त्या जागी नवे खवले येतात. हे नवे खवले झपाट्याने जुन्या मापाएवढे होतात, पण त्यांच्या मध्यभागी वर्तुळं नसतात, नुसता कोरा, खरबरीत भाग असतो. तोच मासा दोन वर्षांनी पुन्हा हाती लागला आणि नेमका तिथलाच खवला काढला, तर त्यावर पहिली पाच-सहा वर्षं दिसणार नाहीत. कोऱ्या भागाच्या बाहेर फक्त दोन हिवाळे असतील, त्याला सोडून दिल्यानंतरचे.